जुन्या वास्तूत स्थानिक इतिहासाचे संग्रहालय: पहिल्या पाहणीपासून दार उघडेपर्यंत

बंद पडलेली शाळा, जुनी कचेरी, कुणाचे तरी वडिलोपार्जित घर, रेल्वेचे गोदाम. अशी रिकामी, देखणी आणि थोडी गळकी इमारत दिसली की चार उत्साही माणसांना हमखास सुचते, "इथे संग्रहालय करू या." कल्पना चांगलीच आहे. घोटाळा होतो तो पुढच्या क्रमात. आधी शोकेस येतात, मग वस्तू, मग त्या वस्तूंची माहिती शोधायची धावपळ, आणि इमारतीचा विचार छप्पर पहिल्यांदा गळेल तेव्हा.

हा क्रम सुलटा लावायचा तर एक साधी गोष्ट करावी. संग्रहालयाच्या नोंदवहीत पहिली नोंद त्या इमारतीचीच करावी. अक्षरशः: अनुक्रमांक एक, वस्तू "इमारत", मोजमापे, साहित्य, बांधणीचा काळ, आजवरचे मालक, सध्याची अवस्था. एकदा ती संग्रहातली सर्वांत मोठी वस्तू ठरली की भिंतीत खिळा ठोकायचा का, खिडकी बुजवायची का, वायर कुठून न्यायची, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे आपोआप जपून दिली जातात.

पायरी १: आधी कागद

इमारतीची मालकी कोणाची, वापराचा करार किती वर्षांचा, ती संरक्षित यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या बदलाला कोणाची परवानगी लागते, हे लेखी हातात येईपर्यंत वस्तू गोळा करू नका. तोंडी आश्वासनावर आलेल्या वस्तू पुढे कुणाच्या तरी माळ्यावर जातात. थोड्या मुदतीच्या करारावर शोकेस मांडता येतात, पण छपराच्या दुरुस्तीला पैसे देणारा माणूस आधी करार किती लांबचा आहे ते विचारतो.

संस्था कोणत्या स्वरूपाची, हेही याच टप्प्यावर ठरवा. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने, म्हणजे आयकॉमने, २०२२ मध्ये प्राग इथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात नफ्यासाठी नसलेली, कायमस्वरूपी आणि समाजाच्या सेवेतली संस्था असे शब्द आहेत. "कायमस्वरूपी" हा शब्द जड आहे. उद्घाटनाला पैसे मिळतात, पाचव्या वर्षीच्या वीजबिलाला मिळत नाहीत. म्हणून दरवर्षीचा खर्च (माणसे, सफाई, वीज, विमा, छपराची देखभाल) वेगळ्या कागदावर मांडा आणि तो कोण देणार त्याचे नाव पुढे लिहा. ती जागा कोरी राहत असेल, तर संग्रहालयाऐवजी वर्षातून एकदा भरणारे प्रदर्शन करा. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी उद्देश एका वाक्यात लिहा: कोणता भूभाग, कोणता काळ, कोणाचे जगणे. "परिसराचा समृद्ध वारसा जतन करणे" हे वाक्य कुठल्याही संग्रहालयाच्या पाटीवर चालेल, म्हणून ते तुमच्या कामाचे नाही.

पायरी २: इमारत वाचा, घाईने नको

शक्य असेल तर वर्षातल्या सगळ्या ऋतूंत इमारत पाहा. कोरड्या दिवसांत ठणठणीत वाटणारी भिंत पावसात काय करते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिले काम मोजणीचे: प्रत्येक मजल्याचा आराखडा, उभे छेद, दारे-खिडक्यांची मापे. प्रत्येक खोलीला आणि प्रत्येक भिंतीला नाव द्या. "खोली ३, पूर्व भिंत" असे म्हणता आले की पुढची प्रत्येक तक्रार जागेवर बसते.

मग पाण्याचा माग काढा. जुन्या इमारतीचे बहुतेक आजार पाण्यापासून सुरू होतात. भर पावसात बाहेर उभे राहून पाहा: छपरावरचे पाणी पन्हाळीत जाते का, पन्हाळ कुठे तुंबते, खाली आलेले पाणी जोत्यापासून दूर वाहते की भिंतीच्या मुळाशी मुरते. भिंतीच्या खालच्या भागात ओल, पांढरा लोणा (क्षारांचा थर) आणि फुगलेले पोपडे एका उंचीपर्यंत दिसत असतील, तर ओल जमिनीतून चढते आहे. छताजवळ डाग असेल, तर पाणी वरून येते. दोन्हींवरचा उपाय वेगळा. पोपडे खरवडून वर रंग मारणे हा दोन्हींवरचा उपाय नव्हे, तरी सगळीकडे हेच होते.

चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, दगड-विटांमधले सांधेही (दर्जा) सिमेंटने भरू नका. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. सिमेंटच्या कडक थरामागे ओल अडकते, क्षार साचतात, आणि मग मऊ वीट किंवा दगड आतून झिजू लागतो. वरून गुळगुळीत दिसणारी भिंत मागे भुसभुशीत झालेली असते. चुन्याचे काम येणारा कारागीर शोधायला वेळ लागतो. तो वेळ कामाच्या वेळापत्रकात धरा.

भेगांच्या बाबतीत घाबरण्याआधी मोजा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहा, मधे रुंदी मोजून वहीत टाका, आणि महिन्याने पुन्हा पाहा. टोक खुणेपुढे सरकले नसेल आणि रुंदी तीच असेल, तर भेग जुनी असून थांबलेली असावी. सरकत असेल, तर जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला संरचना अभियंता बोलवा. नुसता नवीन इमारतींचा अनुभव असलेला माणूस अनेकदा "पाडा" असाच सल्ला देतो.

मजल्याची ताकद हा प्रश्न लोक विसरतात. आजच्या मानकांप्रमाणे राहत्या घराचा मजला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. गर्दी जमणाऱ्या सार्वजनिक जागेसाठी ४०० ते ५०० किलो. लाकडी तुळयांवरचा जुना मजला मुळात घरासाठीच होता. त्यावर एका वेळी चाळीस विद्यार्थी आणि वहीखात्यांनी गच्च भरलेली लोखंडी कपाटे कशी चालतील? मोजणीत मजला कमकुवत निघाला तर जड वस्तू तळमजल्यावर ठेवा आणि वर एका वेळी किती जणांनी जायचे ते ठरवून दाराशी लिहा. हे तुळया बदलण्यापेक्षा स्वस्त आहे आणि वास्तूलाही बरे.

दुरुस्तीला हात घालताना १९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे, एकदा वाचून ठेवा. तिच्यातल्या तीन गोष्टी रोजच्या कामात उपयोगी पडतात. वास्तूचा समाजोपयोगी वापर चांगलाच, पण त्यासाठी तिची रचना आणि सजावट बदलू नये. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबावी. आणि हरवलेला भाग नव्याने घातला, तर तो मूळ कामात मिसळावा, पण जवळून पाहिल्यावर नवा म्हणून ओळखूही यावा. रंगकाम करण्यापूर्वी एखाद्या कोपऱ्यात थर एकेक करून खरवडा आणि सगळे थर दिसतील असा वीतभर चौकोन तसाच ठेवा. लोक तिथे हटकून थांबतात. हे खरवडणे तेवढा भाग ओला करून, मास्क लावून करा, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते.

पायरी ३: वास्तूची गोष्ट की परिसराची?

इथे निर्णय घ्यावा लागतो. तो टाळला तर प्रत्येक खोलीत थोडे थोडे सगळे, असा बाजार होतो. एक मार्ग म्हणजे वास्तूच्या स्वतःच्या आयुष्यातून परिसर दाखवणे. न्यूयॉर्कचे टेनेमेंट म्युझियम याचा उत्तम नमुना आहे. ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ मध्ये बांधलेली भाड्याच्या खोल्यांची चाळवजा इमारत. अग्निसुरक्षेच्या नियमांप्रमाणे बदल करण्यापेक्षा मालकाने १९३५ मध्ये भाडेकरू काढले आणि वरचे मजले बंद केले. त्यामुळे भिंतींवर एकावर एक चिकटवलेले वॉलपेपरचे थर जसेच्या तसे राहिले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयाने तिथे राहून गेलेली खरी कुटुंबे जनगणना आणि इतर दप्तरांतून शोधली, आणि एकेका कुटुंबाची एकेक खोली उभी केली. काही खोल्या मुद्दाम पडझडीच्या अवस्थेतच ठेवल्या. शोकेस जवळजवळ नाहीत, तरी स्थलांतराचा इतिहास कळतो.

दुसरा मार्ग म्हणजे वास्तूला कवच मानून आत परिसराचा इतिहास मांडणे. लंडनचे म्युझियम ऑफ द होम १७१४ साली वृद्धांसाठी बांधलेल्या आश्रयगृहांत १९१४ मध्ये सुरू झाले. तिथे वेगवेगळ्या काळांतल्या घरांचे अंतर्भाग मांडलेले आहेत, पण पूर्वीच्या रहिवाशांपैकी एकाचे घर मूळ अवस्थेजवळ नेऊन वेगळे दाखवतात. लहान संग्रहालयाने हीच तडजोड करावी असे मला वाटते: एक खोली पूर्णपणे वास्तूची, बाकीच्या परिसराच्या. शाळा असेल तर एक वर्ग वर्गच राहू द्या.

कोणाची गोष्ट राहून जाते, हेही याच वेळी तपासा. जुन्या देखण्या इमारती बहुधा सत्ता किंवा पैसा असलेल्यांनी बांधलेल्या असतात. दिवाणखाना सांभाळला जातो, चूल, न्हाणीघर, नोकरांचा जिना आणि मागचे दार "सोय" म्हणून पाडले जाते. तिकीट खिडकी आणि प्रसाधनगृह कुठे काढायचे ठरवताना नेमका हाच भाग बळी पडतो. तो वाचवा. बांधणाऱ्या गवंड्या-सुतारांच्या मजुरीची वही सापडली, तर ती मालकाच्या तैलचित्राइतक्याच मोठ्या जागेत लावा.

पायरी ४: वस्तू घ्या, पण आधी नाही म्हणायला शिका

संग्रहालय होणार ही बातमी पसरली की लोक वस्तू आणून देतात. पहिल्या काही महिन्यांत सारख्याच शिलाई मशीनी, रेडिओ आणि कंदिलांचा ढीग लागतो. म्हणून संकलन धोरणाचे एक पान आधी लिहा: काय घेणार, काय घेणार नाही, निर्णय कोण करणार. निर्णय समितीने करावा, म्हणजे दारात उभ्या माणसाला "समितीपुढे ठेवतो" म्हणता येते आणि कुणाचे मन दुखत नाही.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. ही वस्तू या परिसराशी नेमकी कशी जोडलेली आहे? देणाऱ्याची ती स्वतःची आहे ना, की भावंडांचाही हक्क आहे? आपल्याकडे अशी आधी आहे का? ती सांभाळायला जागा आहे का? दोन सारख्या वस्तूंपैकी जिची हकीकत कळते ती घ्या, दिसायला जुनाट असली तरी.

घेतली की दानपत्र करा. देणाऱ्याचे नाव, वस्तूचे वर्णन, मालकी बिनशर्त संस्थेकडे दिल्याचे वाक्य, दोन्ही सह्या, तारीख. छायाचित्रे, पत्रे किंवा ध्वनिमुद्रण असेल तर प्रकाशनाच्या हक्काचे वेगळे वाक्य हवे, कारण कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. "कायम दर्शनी भागात ठेवू" असे वचन कधीही देऊ नका. "सध्या तुमच्याकडे असू द्या, लागली तर नेऊ" या अटीवरही काही घेऊ नका. उसनी वस्तू लागलीच, तर परतीची तारीख लिहून घ्या.

काही वस्तू दारातच थांबवाव्या लागतात. १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली सेल्युलोज नायट्रेटची फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते. उग्र वास, चिकटपणा, तपकिरी भुकटी दिसली तर तिला इमारतीत ठेवू नका, तज्ज्ञांना विचारा. जुनी काडतुसे, दवाखान्यातल्या बाटल्या, पेंढा भरलेले प्राणी (कातड्यावर आर्सेनिक असू शकते) आणि अंधारात चमकणाऱ्या काट्यांची रेडियमची घड्याळे यांनाही हाच नियम.

पायरी ५: नोंद

खरे संग्रहालय इथे तयार होते. शोकेस नसल्या तरी चालेल, नोंद नसेल तर तुमच्याकडे नुसते जुने सामान आहे. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने वस्तूंच्या नाशाची दहा कारणे सांगितली आहेत. आग, पाणी, कीड, चोरी यांच्या रांगेत तिथे आणखी एक कारण आहे: वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट. देणारी आजी गेली, लेबल पडले, सांगणारा निवृत्त झाला, की धडधाकट वस्तूही संपते.

दाखल क्रमांक साधा ठेवा: वर्ष, त्या वर्षातल्या आवकीचा क्रम, आवकीतली वस्तू. २०२५.७.३ म्हणजे २०२५ मध्ये सातव्या वेळी आलेल्या सामानातली तिसरी वस्तू. क्रमांकातच "धातू", "कापड", "खोली २" असले संकेत घुसवू नका. वस्तू हलते, वर्गीकरण बदलते, क्रमांक मात्र बदलता कामा नये. नोंदवही बांधीव, पाने क्रमांकित, शाई टिकाऊ. संगणकावर प्रत जरूर ठेवा, पण कागदाची वही सोडू नका.

आता एक पितळी तराजू हातात घेऊन पाहू. आधी चारही बाजूंनी आणि तळातून फोटो, शेजारी मोजपट्टी. मग मापे, वजन, शिक्के, झीज, तुटफूट. त्यानंतर देणाऱ्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत. आपला अंदाज वेगळ्या रकान्यात. क्रमांक घालण्यासाठी पायाचा तळ निवडा, जिथे तो दर्शनी नाही पण उचलल्यावर लगेच दिसतो. तिथली धूळ पुसून पॅरालॉइड बी-७२ या राळेच्या अॅसिटोनमधल्या द्रावणाचा बोटाच्या पेराएवढा पातळ पट्टा ब्रशने ओढा. पूर्ण वाळू द्या. त्यावर बारीक टोकाच्या, रंगद्रव्याच्या शाईने क्रमांक लिहा, तो वाळला की वर दुसरा पातळ थर. घाई केली तर दुसऱ्या थराबरोबर शाई पसरते. उद्या क्रमांक काढायचा झाला तर अॅसिटोनच्या बोळ्याने निघून येतो आणि पितळ तसेच राहते.

हीच रीत प्लास्टिक, रंगवलेले किंवा पॉलिश केलेले लाकूड यांवर वापरू नका; अॅसिटोन पृष्ठभाग खाईल. तिथे सुती दोऱ्याने बांधलेले लेबल. कपड्याला सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत दोन सैल टाक्यांनी, विणीच्या फटीतून सुई नेत शिवा. कागदाला मागच्या बाजूला, खाली कडक पाटी ठेवून, मऊ २बी पेन्सिल, तीही हलक्या हाताने. स्टिकर, सेलोटेप, रबरबँड, टाचणी आणि स्टेपलर हे पाचही जण संग्रहाच्या खोलीबाहेर.

रोजची शिस्त एवढीच: वस्तू जिथे आहे ती जागा नोंदीत असावी, आणि हलवली की त्याच दिवशी बदलावी. आधीच ढीग साचलेला असेल, तर इक्रॉम या वारसा-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची री-ऑर्ग ही पद्धत पाहा. ती खास लहान संग्रहालयांच्या अडगळ झालेल्या कोठारांसाठीच आखलेली आहे.

पायरी ६: बोलणाऱ्या माणसांच्या नोंदी

हे काम पुढे ढकलू नका, वस्तू थांबतात, माणसे थांबत नाहीत. शांत खोली, पंखा बंद, मोबाइल दूर. ध्वनिमुद्रण एमपी३ सारख्या दाबलेल्या (कॉम्प्रेस्ड) स्वरूपात न करता वेव्ह फाइलमध्ये, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघांची नावे बोलून घ्या. "तेव्हाचे दिवस कसे होते?" असे विचारले की उत्तरही तसेच गोल येते. "सकाळी या दारातून आत आल्यावर पहिले काय दिसायचे?" असे विचारा. जुना फोटो किंवा इमारतीचा आराखडा समोर ठेवला तर बोट ठेवून सांगणे सुरू होते, आणि आराखड्यात नसलेला जिना असा सापडतो. लेखी संमती घ्या. काही भाग ठरावीक काळ बंद ठेवायचा हक्क बोलणाऱ्याला द्या. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

पायरी ७: उजेड, हवा, कीड

उजेडाने झालेले नुकसान भरून येत नाही आणि ते साठत जाते. कापड, कागद, जलरंग, रंगीत फोटो यांना ५० लक्स (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचे माप) ही रूढ मर्यादा आहे. तैलचित्रांना साधारण २००. दगड आणि बहुतेक धातूंना अडचण नाही. आता हिशेब करा. ५० लक्स, दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस: १,२०,००० लक्स-तास. भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे १,००,००० लक्स असतात. म्हणजे कपड्याचा वर्षभराचा वाटा उन्हात सव्वा तासाच्या आतच संपतो. जुन्या इमारतीच्या उंच खिडक्या बुजवू नका, त्या अनुक्रमांक एकचा भाग आहेत. आतून पडदे आणि अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा, नाजूक वस्तू खिडकी नसलेल्या भिंतीकडे न्या आणि कपडे काही महिन्यांनी आलटून-पालटून मांडा.

आर्द्रतेचा आदर्श आकडा शोधत बसू नका. ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तर बुरशी येते, आणि वरखाली होत राहिली तर लाकूड फाटते, हे दोन नियम पुरेत. प्रत्येक दालनात एक स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक ठेवून वाचने लिहा. जाड भिंतींच्या इमारतीत हवा मुळात संथ बदलते. तिथे दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद असा खेळ चालवला की सांभाळलेले बिघडते. जिथे अगदी गरज आहे तिथे घट्ट बंद शोकेसमध्ये ओल शोषणारे सिलिका जेल ठेवा.

किडीसाठी फवारणी हा शेवटचा मार्ग. कोपऱ्यांत, दारांजवळ चिकट सापळे ठेवून दर महिन्याला काय अडकले ते पाहा. लाकडाखाली पिठासारखा ताजा भुसा म्हणजे भुंगा, चिखलाच्या नळ्या म्हणजे वाळवी. वाळवी इमारतीची समस्या आहे, तिच्यासाठी व्यावसायिक माणूस बोलवा. कसर लागलेले कापड किंवा पुस्तक मात्र प्लास्टिकमध्ये हवा काढून सीलबंद करून गोठवता येते: उणे ३० अंशांना तीन दिवस, किंवा साध्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांना दोन आठवडे. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पाणी धरेल. तैलचित्रे, काच, हस्तिदंत आणि वेगवेगळी साहित्ये जोडून केलेल्या वस्तू गोठवू नयेत.

पायरी ८: मांडणी आणि लेबल

शोकेस ऐतिहासिक भिंतीला टेकवू नका. चार बोटे जागा सोडली तर हवा खेळते आणि मागची ओल दिसते. फलक भिंतीत ठोकण्याऐवजी जमिनीवर उभ्या चौकटींवर लावा, म्हणजे उद्या काढता येतात. शोकेससाठी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फळा) आणि ओकचे लाकूड टाळा. त्यांतून निघणाऱ्या आम्लवाफा शिसे आणि इतर धातू खातात. आत लोकरी फेल्ट लावला तर चांदी काळी पडते. पावडर-कोटेड धातू, काच, धुतलेले सुती कापड ठीक.

लेबलवर मी अडून बसतो, कारण लोक तेवढेच वाचतात. "तराजू. पितळ. विसावे शतक." हे पाहणाऱ्याला दिसतच होते. समजा, त्या तराजूच्या पारड्याखाली वजनमाप तपासणीचे शिक्के आहेत. मग असे लिहा: "डावे पारडे उजव्यापेक्षा जास्त झिजले आहे, कारण वजने रोज त्यातच पडत. उलटे करून पाहिले तर तळाशी तपासणीचे शिक्के एकाशेजारी एक आहेत. शिक्का नसलेल्या तराजूवर माल विकला तर दंड होई." पन्नासच्या आत शब्द, आणि नजर परत वस्तूकडे जाते. अक्षर हातभर अंतरावरून, चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आजोबांना लेबल मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळतील तिथे वाक्य बदला. ऐकीव माहिती असेल तर "असे सांगतात" एवढे दोन शब्द जोडा.

पायरी ९: आग, पायऱ्या आणि आणीबाणीची यादी

२ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दी जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. पूर्वीच्या राजवाड्यातले, १८१८ मध्ये स्थापन झालेले, सुमारे दोन कोटी वस्तूंचे संग्रहालय. तपासात आगीचे मूळ तळमजल्याच्या सभागृहातल्या वातानुकूलन यंत्रात सापडले, आणि आग विझवायला आले तेव्हा जवळच्या हायड्रंटना (बंबासाठीच्या रस्त्यावरच्या नळांना) पाणी नव्हते. जुन्या वास्तूत वायरिंग कधी बदलले, तिच्यावर भार किती, रात्री मुख्य स्विच बंद होतो का, हे प्रश्न म्हणूनच शोकेसच्या आधीचे आहेत. धूरसूचक यंत्रे लावा. मांडणीसाठी आलेला वेल्डर किंवा रंगारी आगीशी काम करत असेल, तर काम संपल्यावरही तासभर माणूस तिथे थांबवा. स्थानिक अग्निशमन दलाला बोलावून इमारत दाखवा: बंब कुठपर्यंत येतो, पाणी कुठून मिळेल, कुठली भिंत लाकडी आहे.

वाचवायच्या वस्तूंची यादी एका पानाची असावी. खोलीप्रमाणे पहिल्या दहा वस्तू, फोटो, जागा आणि किती माणसांनी उचलायच्या एवढेच. नोंदवही तीत सर्वांत वर. पाणी शिरले तर भिजलेले कागद ४८ तासांच्या आत वाळवायला किंवा गोठवायला हवेत, त्यानंतर बुरशी धरते. म्हणून मोठा फ्रीझर कोणाकडे आहे, हे आधीच विचारून ठेवा.

पायऱ्या आणि उंबरे हा जुन्या वास्तूचा हट्टी प्रश्न. उताराचा रूढ हिशेब एकास बारा: ३० सेंटिमीटर उंचीसाठी ३ मीटर ६० सेंटिमीटर उतार. जोते उंच असेल तर तेवढी लांबी समोर मिळत नाही. मागच्या दाराकडून पाहा, आणि मूळ पायऱ्यांना धक्का न लावता काढता येईल असा उतार करा. वरच्या मजल्यावर जाता न येणाऱ्यांसाठी तिथल्या मुख्य वस्तूंपैकी काही खाली आणा. खाली नुसता फोटोंचा अल्बम ठेवणे ही पळवाट आहे.

पायरी १०: दार उघडणे

सगळी दालने पूर्ण होईपर्यंत थांबू नका. दोन खोल्या नीट करून आठवड्यातून दोन ठरावीक दिवस उघडा. वेळेवर उघडणारे दोन दिवस, कुलूप लावलेल्या सहा दिवसांपेक्षा बरे. स्वयंसेवकांना तीन गोष्टी शिकवा: वस्तू दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचलायची, माहीत नसेल तर "माहीत नाही, लिहून घेतो" म्हणायचे, आणि भेट देणाऱ्याने सांगितलेली आठवण त्याच वेळी वहीत उतरवायची, नाव आणि फोन विचारून. दर महिन्याला पन्हाळ, सापळे, भेगा आणि आर्द्रतेची वाचने पाहण्यासाठी एक सकाळ राखून ठेवा.

राहिले ते संस्थेच्या घटनेतले विसर्जनाचे कलम. ते पहिल्याच दिवशी लिहायचे असते, कारण नंतर कोणाला तो विषय काढवत नाही. संस्था बंद पडली तर वस्तू दुसऱ्या सार्वजनिक संग्रहालयाकडे जातील, विश्वस्तांमध्ये वाटल्या जाणार नाहीत, कर्जफेडीसाठी विकल्या जाणार नाहीत, असे स्पष्ट लिहा. घेणाऱ्या संस्थेचे नाव आणि तिची लेखी संमती जोडा. इमारतीचे मोजणीचे आराखडे, दुरुस्तीच्या नोंदी आणि नोंदवहीची प्रत दरवर्षी ठरलेल्या तारखेला जवळच्या अभिलेखागाराकडे किंवा ग्रंथालयाकडे द्या आणि पोच फायलीला लावा.